गोधडीच्या आतलं

"थांबा. कोणी बोलू नका," मयूरीताई म्हणाल्या आणि डोळे मिटून त्यांनी खाटेवरच्या गोधडीवर हात ठेवला.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एवढी शांतता कधी झाली नव्हती. भटू खोगीरवाल्याच्या पालात चहाला बसलेल्या चौघा घोडेवाल्यांनी बशा तोंडाशीच धरून ठेवल्या. ताई पुण्याच्या. हाताने केलेल्या वस्तूंतली ऊर्जा कशी ओळखावी, याची त्या शिबिरं घ्यायच्या. आल्या होत्या खोगिरं बघायला. अकरा खोगिरांवर हात ठेवून झाला, पण एकानेही ओळख दाखवली नाही. भटूला त्याचं वाईट वाटलं नाही. खोगीर ओळखायचं ते घोड्याच्या पाठीने, असं त्याचं मत होतं.

"ती इकानी नही, ताई," भटूची बायको तापीबाई घाईघाईने म्हणाली. "आमनी पांघरानी शे."

पण ताईंचा हात उठेना.

गोधडीला वरून एक लुगडं, खालून एक लुगडं. मधे काय घातलं, ते शिवणारीलाच ठाऊक. चार वर्षांपूर्वी लेकीने, रोशनीने, परजातीत लग्न केलं, तेव्हा भटूने प्रकाशा तीर्थाला जाऊन, डोकं भादरून, जित्या पोरीचा दहावा घातला. घरी येऊन हुकूम सोडला, तिची एक चिंधी दिसता कामा नये, सगळं जाळ. तापीबाईने परसात चांगला धूर केला. जाळली स्वतःची दोन लुगडी. पोरीची झबली, फ्रॉक, शाळेचा निळा गणवेश गोधडीत गेला, आणि गोधडी गेली नवऱ्याच्याच अंगावर. तिथे शोधायचं कोणाला सुचणार? तेव्हापासून भटू दिवसा पोरीच्या नावाने थुंकायचा आणि रात्री पोरीलाच पांघरून घोरायचा. तापीबाईला चार वर्षांत सुख म्हणून काय ते एवढंच. बाजाराला निघतानाही तो हीच गोधडी बरोबर घ्यायचा. दुसरीत म्हणे झोप येत नाही.

"यात एक मुलगी आहे," ताई डोळे न उघडता म्हणाल्या. "अगदी तान्हेपणापासूनची. कोणीतरी तिची फार वाट बघतंय हो."

चौघांनी भटूकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. त्यांतल्या नवलसिंगने बशी अलगद खाली ठेवली.

"भटूभाऊ," तो लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "कोनी पोर शे रे ही? तुले तं पोर नही ना?"

भटू उठला. चामड्याच्या एका पट्ट्यासाठी गिऱ्हाइकाशी अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस. त्याने गोधडीची घडी केली, सुतळीने बांधली आणि ताईंच्या हातात दिली.

"लई जा, ताई. पैसा नको."

"अहो, देऊ नका ना," तापीबाईला एवढंच म्हणता आलं. कारण सांगितलं असतं तर गोधडी चुलीत गेली असती. न सांगितलं तर पुण्याला.

ताईंचे डोळे भरून आले. "केवढं मोठं मन!" म्हणाल्या, गोधडी छातीशी धरून भटूबरोबर फोटो काढला आणि गेल्या. घोडेवालेही फार रेंगाळले नाहीत. बातमी गरम होती, तोवरच पालोपाली पोचवायला हवी होती.

दोघंच उरली. तापीबाई उघड्या खाटेकडे बघत उभी होती.

"त्यामा रोशनीना कपडा व्हतात," ती म्हणाली. चार वर्षांत ते नाव तिने पहिल्यांदा नवऱ्यासमोर घेतलं.

भटू खाटेच्या काठावर टेकला. वर बघितलं नाही.

"चार वरीस माले माहीत व्हतं," तो म्हणाला. "आते लोकेसले माहीत पडनं."