वाढतं वजन

रत्नागिरीतली एक व्यायामशाळा बंद पडली, तेव्हा तिथली वजनं उचलायची लोखंडी चौकट सगुणाने स्वस्तात विकत घेतली आणि टेम्पोत घालून पूर्णगडला आणली. नवरा बोटीवर, म्हणून जोडायला शेजारच्या रावजीला बोलावलं. गंजलेले नटबोल्ट रॉकेल लावून सोडवत पडवीत चारी खांब उभे करीपर्यंत दोघांचाही पिट्ट्या पडला.

घाम पुसत रावजीने शेवटी विषय काढला. "वयनी, तुला कोणी भरीस घातलं? तुझा पोरगा अनंता जन्मापासून अंथरुणात हाय. असल्या कसरतीनं तो उभा रवायचा नाय."

"ठाऊक हाय, भावजी."

"मग?"

"परवा न्हाणीत नेताना माझ्या हातातनं निसटला. डोक्याला खोक पडली. रडला नाय. उलट माझाच हात कुरवाळीत राहिला."

तिने पदर खोचला, चौकटीत शिरून दांडा खांद्यांवर घेतला, गुडघे वाकवून खाली बसली आणि दात आवळून कशीबशी उठली. रावजीने दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी चकती चढवली. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"आता पुरे, वयनी. अनंताचं वजन काय याहून जास्त नसेल."

सगुणाने दांडा खाली ठेवला आणि खांबाला टेकून डोळे मिटले.

"त्याला आता कुठे चौदावं लागलंय, भावजी," ती म्हणाली. "अजून वाढायचा हाय तो."