शब्द लढाई संपेपर्यंतचा

यागोशनं माशानची मानगूट धरली, त्याला खंदकात ओढलं आणि वर एक लाथ घातली.

"डोकं खाली ठेव, कुत्र्या. ते माझं आहे."

"मग सांभाळ की," माशान तोंडातला बर्फ थुंकत म्हणाला. "उपकार करतोस का माझ्यावर?"

आजूबाजूचे शिपाई हसले नाहीत. मॉन्टेनेग्रोच्या फौजेत अख्खं गाव एकाच पलटणीत असायचं, त्यामुळे या दोघांचं वैर सगळ्यांना तोंडपाठ होतं. कुरणाच्या हद्दीवरून जुंपली आणि माशाननं यागोशच्या धाकट्या भावाला, इलियाला, गोळी घातली. सूड घेणं यागोशवर आलं. तेवढ्यात ऑस्ट्रियाशी लढाई सुरू झाली. गावच्या म्हाताऱ्यांनी दोघांचे हात क्रुसावर ठेवले आणि शब्द घेतला: लढाई संपेपर्यंत एकमेकांवर हत्यार उचलायचं नाही. संपली की रीतीप्रमाणे काय ते होऊ दे. आम्हा डोंगरातल्या माणसांचं हे असंच आहे. पोटाला भाकरी नसली तरी चालते, शब्द मोडलेला चालत नाही.

तेव्हापासून दीड वर्ष यागोश माशानच्या पाठीला चिकटून होता. माशानला टायफस झाला तेव्हा शिव्या घालत पाणी पाजलं तेही यागोशनंच. परक्याच्या गोळीनं माशान गेला तर सूड राहिलाच. एवढं कुणालाही कळतं.

नाताळच्या दिवशी मोय्कोवाच गावापाशी काडतुसं संपली आणि पलटण संगिनी घेऊन बर्फात उतरली. दुपारनंतर माशान सापडला, मांडीत गोळी, ओठ निळे. यागोशनं त्याला घोंगडीत गुंडाळलं, पाठीवर घेतलं आणि तारा नदीच्या काठानं चालू लागला.

"टाक मला इथंच," माशान म्हणाला.

"गप. रेड्यासारखा जड आहेस, त्यात बडबड नको."

नदीचं एक वळण मागं पडलं. मग माशाननं विचारलं, "मला मारलंस की मिटलं ना? पोरगं सात वर्षांचं आहे माझं. त्याच्यावर काही येत नाही ना?"

"एकाला एक. रीत काय मी शिकवू तुला?"

"मग हरकत नाही," माशान म्हणाला आणि त्याच्या पाठीवरच निजला.

जखमींच्या तंबूत यागोशनं डॉक्टरची बाही धरली. "पाय कापायचा तर कापा, पण हा जगला पाहिजे." डॉक्टरनं गोळी काढली. पायही वाचला.

तीन आठवड्यांत सगळा कारभार आटोपला. राजा देश सोडून गेला, फौज मोडली. सरदार वुकोतानं पलटणीपुढं हुकूम वाचला: हत्यारं ढिगावर टाका आणि घरी जा. ज्यांनी बाप गेला तेव्हा डोळे ओले केले नव्हते, तीही माणसं त्या दिवशी रडली.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं. माणसं मुकाट्यानं बाजूला सरली आणि मध्ये दोघंच उरले.

माशान कुबडी टेकत पुढं आला. त्यानं कोटाची बटणं काढली.

"संपली लढाई. उरक."

यागोशनं बंदूक खांद्याला लावली. नेम धरला. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं बंदूक खाली घेतली, काडतूस काढलं आणि बंदूक ढिगावर भिरकावली.

कुणीतरी देवाचं नाव घेतलं. सरदारानं टोपी काढली. "मोठ्या मनाचा निघालास, लेका," तो म्हणाला. "या काळ्या दिवसात एवढं एक तरी बरं पाहिलं."

माशान मात्र पांढराफटक पडला होता. "मार ना, भेकडा," तो म्हणाला. "यागोश, तुझ्या पाया पडतो. मार."

यागोश त्याच्याजवळ गेला. थंडी कडाक्याची होती. वाकून तो माशानच्या कोटाची बटणं एकेक करून लावू लागला. हे पाहून माणसांना पुन्हा भरून आलं.

"घरी जा. जिवाला जप," तो फक्त माशानला ऐकू जाईल असं म्हणाला. "इलिया गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तुझं पोरगं तेवढं झालं की येतो."