मोठ्यानं गाणारं घर

शंख वाजला आणि लोसाच्या लेकीनं, तेलेसिआनं, दोन्ही कानांवर हात दाबले.

आता रस्त्यावर कुणी फिरकायचं नाही, घराघरांत संध्याकाळची प्रार्थना. सामोआतल्या त्या गावात घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. कुणाचं घर किती जोरात गातं ते साऱ्या गावाला ऐकू जातं, आणि जो मोठ्यानं गातो तो भाविक. लोसाच्या वडिलांचं घर सगळ्यांत मोठ्यानं गायचं.

गीताची पहिली ओळ उठली नि सहा वर्षांची पोर किंचाळली. खांबावर डोकं आपटू लागली. लोसानं मध्ये हात घातला. लोसाची आत्या आलोफा हिनं नेहमीसारखा सूर आणखी चढवला. किंकाळी झाकायची तर गाणं वाढवायचं, एवढंच तिला ठाऊक. गाणं वाढलं की किंकाळी वाढे. लोसा माहेरी आल्यापासून आठवडाभर हाच तमाशा.

"लाडावून ठेवलीय नुसती!" दोन ओळींच्या मध्ये आत्या फणकारली. "शहरातल्या खोलीत कोंडून वाढवलं की असंच व्हायचं."

लोसानं ठरवूनच टाकलं होतं. आज पुन्हा असं झालं तर सकाळच्या बसनं शहरात, आपियाला परत. बसवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. तिथं नवरा नाही, कामाचा पत्ता नाही, पण दार तरी लावून घेता येतं. वडील घराण्याचे प्रमुख. गावासमोर त्यांची ही शोभा होत होती आणि ते एक अक्षर बोलत नव्हते. न बोलून काय ते सांगितलंच की! माहेर संपलं, असं ती मनाशी धरून चालली होती.

"थांबा!"

वडिलांचा हात वर गेला होता. गाणं मध्येच तुटलं. असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. आत्याचा आ वासलेला तसाच राहिला.

"लोसा, पोरीला नेमकं काय हवंय गं?"

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "आवाज नको, बाबा. आणि अंगावर काहीतरी जड हवं. मग निवते ती."

म्हातारा उठला. कोपऱ्यातल्या केवड्याच्या पानांच्या चटया त्यानं आणल्या, पोरीला निजवून एकेक करून तिच्या अंगावर घातल्या, तोंड तेवढं मोकळं ठेवलं. मग स्वतः तिच्या पायाशी बसला.

"हं, आता गा. नुसत्या ओठांनी."

"अगं बाई! गाव काय म्हणेल?" आत्या पुटपुटली. पण ओठ हलवू लागली.

शेजारपाजारचं गाणं लांबून येत होतं, तेवढं तेलेसिआला चाललं. तिचं कण्हणं थांबलं. ती चटईची कड बोटानं चाचपत पडून राहिली. लोसाला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही खळत नव्हतं.

प्रार्थना सुटली तसा रस्त्यावर कुणी फिरकू नये म्हणून राखणीला उभा असलेला सिआओसी तडक घराशी आला.

"काय हो, आज तुमच्याकडून चकार शब्द नाही? कुणी गेलंबिलं की काय? आणि लोसा निघाली म्हणे उद्या?"

लोसानं मान खाली घातली.

"कोण म्हणतं? कुणी कुठं जात नाही," वडील हलक्या आवाजात म्हणाले. "उद्यापासून तुम्हीच जरा हळू गा. देव काही बहिरा नाही, आणि आमची पोर तर मुळीच नाही."