फक्त ग्रीन टी

"चहा-कॉफी?"

"कालपासून थेंब नाही," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळी फक्त ग्रीन टी घेतला."

टेक्निशियननं हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "उठा. टेस्ट रद्द."

ड्रायव्हरच्या मस्तकात तिडीक गेली. केस पिकेपर्यंत शाळेची बस चालवलेला माणूस तो, आणि हे कालचं पोर त्याला उठा म्हणतंय. "अहो, ग्रीन टी म्हणजे चहा नव्हे!"

"मग काय, पालकाची भाजी आहे? त्याच झाडाची पानं ती. कॅफीन कमी असतं, पण असतंच. ते पोटात असलं की नाडी वाढवायचं आमचं इंजेक्शन लागू पडत नाही."

"एवढ्याशा कपानं?" त्याच्या बायकोनं विचारलं. ती त्याच्याच बसवर मदतनीस होती, मुलांना चढवणारी-उतरवणारी.

"पत्ती किती घातली आणि किती वेळ उकळली, त्यावर आहे, ताई."

महिन्यापूर्वी बस दुभाजकाला घासली होती. बायको मागून ओरडली म्हणून ब्रेक वेळेवर लागला. मुलांना खरचटलंही नाही. डोळ्यात धूळ गेली, असं ड्रायव्हरनं कंपनीत लिहून दिलं आणि घरी बायकोला बजावलं, "याहून वेगळं एक अक्षर बोललीस तर माझ्यासारखा वाईट कोणी नाही."

कंपनीनं तरी हृदयाची टेस्ट लावलीच. तीन तारखा मिळणार. तिन्ही हुकल्या तर स्टिअरिंग कायमचं सुटणार आणि ऑफिसातली खुर्ची नशिबी येणार. डॉक्टरनं विचारलं होतं, "चक्कर वगैरे?" तो म्हणाला होता, "छे! कधीच नाही." डॉक्टर हसला होता. "मग काळजी कसली? ही टेस्ट नॉर्मल येईल बहुतेक. आली की लगेच सही करतो." बायको तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती.

घरी पोचताच ड्रायव्हर तडक वरच्या मजल्यावर भावाकडे गेला. हिरव्या डब्यातला तो चहा वहिनीनंच दिला होता.

"वहिनी, नुसती पानं आहेत म्हणालात ना? माझी एक तारीख गेली!"

"भाऊजी, मला तरी काय ठाऊक? मी आपली वजन कमी करायला पिते."

"तुमचं वजन कमी व्हायला माझी नोकरी जायला हवी का?"

तो खाली आला तेव्हा बायकोनं तो हिरवा डबा फडताळातून काढला. "आता हा माझ्या स्वयंपाकघरात दिसायला नको," ती म्हणाली आणि डबा घेऊन तरातरा बाहेर गेली. निदान हिला तरी माझ्याइतकाच राग आलाय, या विचारानं ड्रायव्हरला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या तारखेच्या सकाळी बायकोनं आलं-लिंबाचं गरम पाणी दिलं.

"केवढं कडू गं!"

"साल उकळलीय त्यात. प्या गुपचूप."

त्यानं तोंड वाकडं करून पेला रिकामा केला. हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, पण नाडी जागची हलली नाही. टेक्निशियननं कपाळाला हात लावला. "प्यायलात ना परत?"

"आईशपथ नाही!"

घराकडे येताना ड्रायव्हरला आठवलं, आदल्या रात्री वहिनीनं भाजीची वाटी पाठवली होती. झालं! तो जिने चढतानाच ओरडू लागला.

"भाजीत काय घातलं होतंत?"

"मीठ!" वहिनी किंचाळली.

"दादा, तुझ्या बायकोला माझी नोकरी खुपतेय."

"तुझं डोकं फिरलंय," भाऊ म्हणाला. "पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस." त्यानं दार लावून घेतलं.

बायको धावत वर आली आणि तिनं नवऱ्याचा दंड धरला. "खाली चला. त्यांचा काही दोष नाही यात."

"घे, तू त्यांचीच बाजू घे!" त्यानं हात झिडकारला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही त्याला वहिनीमुळेच आलेलं वाटलं.

तिसऱ्या तारखेला त्यानं कसलीच कसर ठेवली नाही. दोन दिवस वरून आलेलं काही घरात घेतलं नाही. दुधाची पिशवीसुद्धा स्वतः जाऊन आणली. बायकोच्या हातचं जेवला आणि सकाळी तिच्याच हातचं ते कडू पाणी प्यायला. इंजेक्शन पुन्हा वाया गेलं. त्यानं खोलीतलं स्टूल लाथेनं उडवलं आणि सगळ्या हॉस्पिटलला ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या.

कंपनीनं बसची किल्ली काढून घेतली आणि गाड्यांच्या वेळा लावायचं काम दिलं. खिडकीतून त्याला आपली बस दिसायची. दुसराच कोणी ती बाहेर काढायचा. भावाशी बोलणं बंद, वहिनीचं नाव बंद. घरात भांडी आपटली जायची. बायको एका शब्दानं उलट बोलत नव्हती.

मग एक दिवस ऑफिसच्या जिन्यावर त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि तो चार पायऱ्या गडगडला. आता लपवून राखायचं काय होतं? त्यानं डॉक्टरला सगळं सांगितलं. दुभाजकाजवळ असाच अंधार आला होता, हेही सांगितलं.

डॉक्टरनं तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या. "ती टेस्ट झाली असती तरी यातलं काही दिसलं नसतं," तो म्हणाला. "मी सही करून बसलो असतो. आणि तुमच्यामागे मुलं किती असायची बसमध्ये?"

घरी येऊन ड्रायव्हर खुर्चीत बसला. राग कोणावर काढायचा, तेच त्याला कळेना.

"ते तुझं आलं-लिंबाचं पाणी दे जरा," शेवटी तो म्हणाला.

बायकोनं पेला आणून दिला. त्यानं एक घोट घेतला, मग दुसरा.

"आज कडू नाही लागत हे. साल नाही घातलीस?"

"घातलीय की." बायको त्याच्यासमोर बसली. "वहिनींचा डबा संपला."