सुकीचा अर्ज

"साहेब, तो आलाय," सुकी म्हणाली. "खोकला आईकला मी."

डहाणूच्या कोर्टातल्या प्रल्हाद कारकुनानं खिडकीतून पाहिलं. चिंचेखाली तिचा नवरा रघ्या बिडी ओढत बसला होता.

"बसू दे. आत यायची छाती नाही त्याची."

बायको-पोरीच्या वाटेला जायचं नाही, असा हुकूम कोर्टानं रघ्याला मागच्या वर्षीच बजावला होता. तरी सुकीला घरं बदलावी लागली. नव्या घरीही काही दिवसांनी कुडाबाहेर तो खोकला यायचा. कधी खरा, कधी नुसता तिच्या कानातला. आता तिला फरक कळेनासा झाला होता. रघ्यानं पोरीला, रूपीला, उचलून विहिरीवर धरलं होतं, ते मात्र खरं होतं.

आताचा पत्ता फायलीत होता, आणि कायद्यानं पक्षकाराला फायलीची नक्कल मिळते. रघ्या पक्षकार. कायदा करणाऱ्यांना एवढंही सुचू नये, याचा प्रल्हादला मनापासून संताप यायचा. तो रघ्याला टोलवत राहिला. आज शाई नाही, उद्या साहेब नाहीत.

"मला वाचता येत नाय," रघ्या सकाळीच म्हणाला होता. "कागद दिलास तर काय बिघडंल?"

"मग हवाय कशाला?"

रघ्या नुसता हसला आणि चिंचेखाली जाऊन बसला.

पत्ता बंद ठेवावा, हा सुकीचा अर्ज प्रल्हादनंच लिहून दिला होता. आज त्यावर हुकूम व्हायचा होता. मग फायलीवर लाखेची मोहोर, आणि सुकीला मागच्या दारानं पोलिसाबरोबर घरी पाठवायचं, असं ठरलं होतं.

"रूपी कुठंय?"

"घरी, मावशीजवळ. म्हातारीला दिसत नाय, पण पोरीचा हात सोडत नाय."

आत मॅजिस्ट्रेटसाहेब पट्टेवाल्या विष्णूवर डाफरत होते. मघाशी 'लाहू' असा पुकारा होताच दोन लाहू आत शिरले होते, आणि भलत्याच लाहूनं गुन्हा कबूल करून टाकला होता.

"नुसतं नाव नको. गाव-पाड्यासकट पुकार. घसा कशाला दिलाय देवानं?"

विष्णूनं मान खाली घातली. बिचारा भला माणूस. सुकीला तारखेचा निरोप घरी त्यानंच पोचवला होता आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

"पुढचा अर्ज," साहेब म्हणाले.

प्रल्हादनं मेणबत्ती पेटवली. विष्णू बाहेर ओटीवर गेला, छाती भरून घेतली आणि रिवाजाप्रमाणे तीनदा ओरडला.

"सुकी रघ्या, राहणार आशागड, डोंगरीपाडा, हाजिर हो!"

इतक्या वर्षांत पुकारा प्रल्हादच्या कानांत शिरायचाच बंद झाला होता. सुकी आपलं नाव ऐकून पुढे झाली.

अर्ज मंजूर झाला. प्रल्हादनं फायलीवर लाख ओतली, शिक्का दाबला आणि समाधानानं तिच्याकडे पाहिलं.

सुकी खिडकीकडे कान देऊन उभी होती. बाहेर चिंचेखाली आता कुणी नव्हतं. मग ती हसली.

"साहेब," ती म्हणाली, "खोकला थांबला."