खोलीची शांतता

"बसा ना ताई," चकतीवाला म्हणाला.

ती बसली नाही. खोलीत तीनच खुर्च्या होत्या. दोन भरलेल्या होत्या आणि तिसरीवर, माइकसमोर, गेल्या महिन्यात बाबा बसले होते. ती दाराशी उभी राहून किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात करत राहिली.

चकतीवाला हे नाव बाबांनीच ठेवलेलं. जुने, विसरले गेलेले सिनेमे शोधायचे, त्यांच्यावरचे ओरखडे पुसायचे आणि देखण्या खोक्यात डिस्क घालून हजारभर वेड्यांना विकायच्या, हा त्याचा धंदा. या वेळचा सिनेमा बाबांनी तरुणपणी संकलित केलेला. चित्र बघताना सोबत ऐकायला म्हणून त्यांचं समालोचन डिस्कवर जाणार होतं. शेवटचं रीळ तेवढं राहिलं आणि बाबा गेले.

"खोकी छापून आलीत," तो म्हणाला. "वर 'संपूर्ण समालोचनासह' असं लिहिलंय. आमची गिऱ्हाइकं काय चीज आहेत तुम्हाला कल्पना नाही. खोक्याच्या कडेवरची अक्षरं केसभर सरकली तरी माझी खरडपट्टी काढतात."

"मग?"

"मग यानं थोडी कारागिरी केलीय." त्याने यंत्रासमोर बसलेल्या आपल्या मेहुण्याकडे बोट केलं. "उद्या सगळं कारखान्यात जायचंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. पण आधी ऐका तरी."

पडद्यावर शेवटचं रीळ सुरू झालं. नायिका खिडकीशी आली. बाबांचा आवाज म्हणाला, "इथे काही करायचं नव्हतं. नुसतं बघत राहायचं."

किल्ल्या थांबल्या. वाक्य त्या खिडकीसाठीच बोलल्यासारखं बसलं होतं. पण आधीच्या रिळांचं समालोचन चकतीवाल्याने तिला पाठवलेलं होतं, आणि ते आता तिला पाठ होतं.

"हे ते दुधाबद्दल बोलले होते," ती म्हणाली. "दुसऱ्या रिळात. दूध उतू जातं तेव्हा."

मेहुण्याने मान खाली घातली. "जोड कळतोय का कुठे, सांगा."

"जोड नाही कळत." ती भिंतीपर्यंत जाऊन परत आली. "दोन वाक्यांच्या मधे जी शांतता आहे, ती कुठून आणली?"

"त्याच दिवसाची," चकतीवाला म्हणाला. "कुणाचंही बोलणं संपलं की आम्ही खोलीची शांतता घेऊन ठेवतो. प्रत्येक खोलीची वेगळी असते हो. सुतार फटीत लांबी भरतो ना, तशी ती सांध्यात भरायची. सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, की झालं. पण तुमचे बाबा उठेचनात. घसा बसला होता, शेवटचं रीळ मंगळवारी करू म्हणाले, आणि पडद्यावर ते रीळ चालू झालं होतं ते बघत बसले. मग मीही माइक बंद नाही केला."

"बाबा? आणि गप्प?"

तो हसला. "गप्प कसले. बोटांनी टकटक चालली होती. साफ करताना याच्या नाकी नऊ आले."

"साफ न केलेली ऐकवा."

"त्यात काही नाहीये ताई. नुसती ठोकठोक."

"चित्राबरोबर ऐकवा."

मेहुण्याने चकतीवाल्याकडे पाहिलं आणि रीळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. खुर्ची करकरली. कुणीतरी श्वास घेतला. मग टक. पडद्यावर खिडकी गेली, जिना आला. टक. जिन्याच्या कठड्यावरचा हात. टक, टक. चेहरा, पुन्हा हात.

"अरेच्चा," मेहुणा खुर्चीत पुढे सरकला. "प्रत्येक कटवर येतायत. मी नुसता आवाज घेऊन बसलो होतो, चित्र लावलंच नव्हतं."

घरी पाहुण्यांनी लांबण लावली की बाबांची हीच टक खुर्चीच्या हातावर यायची. आई डोळे वटारायची. माणसांना तरी कापू नका, म्हणायची. लेक म्हणून तिची स्वतःचीही किती वाक्यं अशी अर्धी राहिली होती.

टक किंचित आधी पडायची, चित्र मागून बदलायचं. जणू बाबांनी सांगितलं म्हणून बदलत होतं.

शेवटचा शॉट आला. नायिका रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी होती.

"हाच," चकतीवाला पुटपुटला. "यावरून दिग्दर्शकाशी कडाक्याचं भांडण झालं होतं म्हणतात. लांबलाय, छाटा, असं तुमच्या बाबांचं म्हणणं. गिऱ्हाइकांना हेच तर ऐकायचं होतं. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, तिथे पोचलो की सांगीन."

नायिका उभी होती. वाऱ्याने तिचे केस डोळ्यांवर आले, तिने ते बाजूला केले नाहीत. टक आली नाही. यंत्रावर आवाजाची हिरवी रेषा श्वासापुरती हलत होती. रस्त्यावर सावली लांबली. आता येईल. टक आली नाही.

चित्र संपलं. पडदा काळा झाला.

मेहुण्याचा हात बटणाकडे गेला. चकतीवाल्याने तो वरच्यावर धरला.

"थांब," तो हळूच म्हणाला. "त्यांनी अजून कापलेलं नाही."

हिरवी रेषा हलत होती. काळ्या पडद्यासमोर तिन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या.