निषेधाचे आमंत्रण

"यंदा तुम्ही आमचा निषेध केलाच नाहीत, साहेब," फेलिम म्हणाला आणि बूट दारापाशी नीट जोडून ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसला.

मर्विन बीटीला हसू आवरणे कठीण गेले. पूर्व बेलफास्टमधले त्याचे घर. भिंतीवर राजाची तसबीर, शेजारी राजनिष्ठ प्रोटेस्टंटांच्या लॉज मंडळाची नारिंगी पट्टी. आणि त्यांच्याखाली पश्चिमेकडचा हा आयरिश रॅपवाला अजीजीने बसलेला. 'क्लाबर', म्हणजे आयरिशमध्ये चिखल, हे त्याच्या टोळीचे नाव. दर ऑगस्टच्या उत्सवापूर्वी नगरसेवक मर्विन रेडिओवर जाऊन या चिखलाचा साग्रसंगीत निषेध करी आणि निषेध होताच तिकिटे संपत. हे ध्यानात आल्यावर यंदा त्याने मौन धारण केले होते. पश्चिमेकडच्या फॉल्स रोडवरचे त्यांच्या कार्यक्रमाचे सभागृह निम्मे ओस पडणार होते.

फेलिमने नव्या गाण्याची थोरवी वर्णन केली. इंग्लंडचा राजा घर मागायला बेलफास्टच्या सरकारी कचेरीत येतो. खिडकीवरची बाई त्याला सहा पोरांच्या आईमागे रांगेत उभे करते. हे राज्यच माझे आहे, असे राजा बजावतो. मग भिंतींना आलेल्या ओलीची तक्रारही तुमच्याच नावावर लिहिते, असे बाई म्हणते.

"एवढ्यावरही तुम्हाला राग येत नसेल, तर आम्ही जगायचं कसं, साहेब?"

मर्विनची पत्नी ॲव्हरिल हिने पाहुण्यापुढे चहाचा पेला आपटल्यासारखा ठेवला, त्यात दोन चमचे साखर घालून ढवळली आणि ती ओट्याकडे वळली. ओव्हनने भाजलेल्या तिच्या बोटांच्या पेरांवर पट्टी होती. ती मर्विननेच बांधलेली होती, आपल्या वडिलांची गाठ मारून. लँबेग हा त्यांच्या समाजाचा अजस्र ढोल. वेताच्या छड्यांनी तो बडवताना पेरे कड्यावर घासून सोलवटतात. म्हणून मनगटाच्या आतून नेऊन करंगळीखाली आवळायची ही गाठ त्या घराण्यात चालत आली होती. खांदा निकामी झाल्यापासून मर्विनच्या ढोलाला गॅरेजमध्ये ॲव्हरिलचे फडके तेवढे लागत असे.

"आमचं एक तरी गाणं ऐकलंय का हो तुम्ही?" फेलिमने विचारले.

"गटाराचा वास यायला त्यात पोहावं लागत नाही, पोरा."

"एकदा ऐका तर. ताल तरी आवडेल तुम्हाला."

ओट्यावर बशी वाजली. मर्विन मागे रेलला. निषेध करीन, तो सावकाश म्हणाला, पण एका अटीवर. क्लाबरमध्ये तिघे होते. दोघे उघड्या तोंडाने सरकारची खिल्ली उडवीत. तिसरा हिरव्या माकडटोपीत तोंड झाकून नुसता वाजवी. तो कोण, यावर सारे शहर तर्क लढवीत होते. कुणी म्हणे पाद्री, कुणी म्हणे पोलिसाचा मुलगा.

"ती माकडटोपी उतरली पाहिजे. मंचावर, माझ्यादेखत. नाहीतर परवाना समितीचा अध्यक्ष मी आहे. त्या सभागृहाचं कुलूप पुन्हा उघडायची वेळ येणार नाही."

फेलिमचा चेहरा प्रथमच उतरला. राजाचे, राज्याचे, आमच्या आयाबहिणींचे नाव घेऊन हवे ते बोला, तेवढे मात्र मागू नका, अशी विनवणी त्याने केली. नेम अचूक बसल्याचे समाधान मर्विनच्या अंगभर पसरले.

"मर्व, गाण्याला घाल की पोटभर शिव्या," ॲव्हरिल पाठमोरीच म्हणाली. "लोकांच्या टोपीला कशाला हात घालतोस?"

"घरच्यांना ठाऊक असेलच की टोपीखाली कोण आहे ते. आता गावालाही कळू दे."

तिने ओट्यावरचे फडके पिळून ठेवले. "बरं. होऊ दे तुझ्या मनासारखं."

फेलिमने उरलेला चहा एका दमात संपवला. "ठरलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी रेडिओवर मर्विनची वाणी पूर्वी कधी नव्हती इतकी तेजस्वी झाली. माध्यान्हीपर्यंत तिकिटे संपली. शनिवारी सकाळी त्याने आपल्या जुन्या निळ्या रुमालाची चिंधी फाडून ॲव्हरिलची पट्टी बदलली. हा ओव्हन एकदाचा मोडीत काढू, असेही म्हणाला. चर्चमध्ये फुलांची सजावट आहे, जेवण झाकून ठेवले आहे, असे सांगून ती दुपारीच बाहेर पडली.

सभागृहाच्या दारात पश्चिमेकडच्या लोकांनी मर्विनचे टाळ्यांनी स्वागत केले. एका आजीबाईंनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला आणि पुढच्या वर्षीही असेच रागवा, असा आशीर्वाद दिला. तो पहिल्या रांगेत ताठ बसला. दोन्ही बाजूंना वार्ताहरांचे कॅमेरे होते.

गाण्यातला राजा रांगेत उभा राहिला. शब्द परके असले, तरी फेलिमने काढलेली राजाची नक्कल पाहून मर्विनच्या ओठांची कड हलली. त्याने ती दाबली. मग मागचा पडदा सरकला. मर्विनची समजूत होती की तिथे एखादे यंत्र असेल. होता तो लँबेग, आणि त्यामागे हिरवी माकडटोपी.

आपल्या समाजाचा ढोल या लोकांच्या हाती पाहून तो संतापाने उठू लागला. तेवढ्यात ताल सुरू झाला. तीन जड ठोके, एक अडखळण, मग गारांसारखा वर्षाव. मर्विन अर्धवट उठलेलाच राहिला. हा ताल त्याच्या वडिलांचा होता. लॉजमध्ये कितीही विनवण्या झाल्या, तरी त्याने तो तिथे कुणालाही शिकवला नव्हता.

ढोल थांबला.

"साहेब," फेलिम हळुवारपणे म्हणाला, "तुमच्या मनासारखं."

वादकाचा हात माकडटोपीच्या कडेकडे गेला. त्याच्या पेरांवर निळ्या रुमालाची चिंधी होती आणि करंगळीखाली मर्विनने सकाळीच आवळलेली गाठ.